आधी बीबी, मग क्रँक: एमटीबीला जुळणारी जोडी कशी निवडावी

एमटीबीला (माउंटन बाइकला) क्रँकसेट, म्हणजे पेडल लागतात ते दोन दांडे (क्रँक) आणि पुढची दातेरी चकती (चेनरिंग), घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न चेनरिंगच्या दातांचा विचारतो. ३२ घेऊ की ३४? निवड करायची ती मात्र फ्रेमपासून. फ्रेमच्या नळीत कोणती बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात ती बेअरिंग) बसते, त्या बीबीतून कोणता एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा दांडा) जातो, त्या एक्सलवर कोणते क्रँक चढतात आणि त्या क्रँकला कोणती चेनरिंग लागते, हा क्रम. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या दुकानात एमटीबीचा प्रत्येक प्रकार मिळेलच असं नाही, सामान मागवावं लागतं. तेव्हा मापं आधी कागदावर उतरवा. ‘बसतंय की, घाला’ एवढ्या भरवशावर पैसे देऊ नका.

फ्रेमची नळी मोजा

सायकल उलटी करून दोन्ही क्रँकच्या मधली आडवी नळी पुसून घ्या. लाल माती तिथे सिमेंटसारखी धरते. व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीने) नळीची रुंदी मोजा, फक्त फ्रेमच्या धातूची, बीबीच्या कडा सोडून. घरात व्हर्नियर नसेल तर उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) कामाला जाणारा कुणीतरी ओळखीचा असतोच.

नळीला आतून आटे असतील आणि रुंदी ६८ किंवा ७३ मिमी भरली तर ती बीएसए. आपल्याकडच्या बहुतेक एमटीबी याच. आटे नसतील, बेअरिंगच्या वाट्या दाबून बसवल्या असतील, तर ती प्रेसफिट. त्यात नळीच्या आतला व्यासही लागतो: ४१ मिमी व्यास आणि ९२ मिमी रुंदी हा एक प्रकार, ४६ मिमी व्यास आणि ६८ किंवा ७३ रुंदी हा दुसरा. वाटीवर छापलेलं वाचता आलं तर मोजायचे कष्ट वाचतात. आणि एकाच सळईला वाक देऊन दोन्ही क्रँक केलेले असतील, तर त्या सायकलीवर हा खर्च करू नये असं माझं मत.

बीएसएत एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. चेनच्या बाजूची, म्हणजे उजवी वाटी उलट्या आट्याची असते. ती घड्याळाच्या दिशेने सुटते आणि उलट दिशेने आवळते. डावी नेहमीसारखी. इथे जोर लावून फ्रेमचे आटे गेले, की क्रँकचा विषय संपतो आणि लेथवाल्याचा सुरू होतो.

एक्सल ओळखा

क्रँक काढल्यावर चौकोनी टोक दिसलं तर ती स्क्वेअर टेपर. तिच्या बीबीवर ‘६८ × १२२.५’ असं काहीतरी लिहिलेलं असतं: पहिला आकडा नळीचा, दुसरा एक्सलच्या लांबीचा. ११०, ११३, ११८, १२२.५ अशा लांब्या मिळतात. क्रँक तेच ठेवणार असाल तर जुनीच लांबी घ्या. क्रँक बदलणार असाल तर नव्या क्रँकची कंपनी सांगते ती. ११८ च्या जागी १२२.५ घातली, तर चेनरिंग साधारण सव्वादोन मिमी बाहेर सरकते. आकडा लहान वाटतो, पण पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) लगेच कुरकुरतो.

शिमानो कंपनीच्या हॉलोटेक टू प्रकारात २४ मिमीचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो. स्रॅम कंपनीचा जीएक्सपी प्रकार दिसायला तसाच, पण डाव्या टोकाला २२ मिमी. एकाची बीबी दुसऱ्याला चालत नाही. स्रॅमचा डब एक्सल २८.९९ मिमीचा, आणि काही कंपन्यांचे ३० मिमीचे. फ्रेम बीएसए असेल तर २४ मिमी आणि डब या दोन्हींच्या बीबी त्यात मिळतात, म्हणजे अडून राहावं लागत नाही.

साध्या सात-आठ गिअरच्या सायकलीवर स्क्वेअर टेपर टाकून हॉलोटेक बसवण्याचा हट्ट मला पटत नाही. सीलबंद स्क्वेअर टेपर बीबी कणकुंबीच्या पावसातही बरी टिकते. फक्त क्रँकचं चौकोनी भोक नीट पाहा. ढिल्या बोल्टवर सायकल चालवली असेल तर त्याचे कोपरे गोलावतात, आणि मग नवी बीबी घालूनही कटकट जात नाही.

चेनलाइन

सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून चेनरिंगच्या दातांपर्यंतचं अंतर म्हणजे चेनलाइन. तीन चेनरिंग असतील तर मधलीपर्यंत मोजायचं. जुन्या एमटीबीत ते ४७.५ किंवा ५० मिमी असतं. मागचा हब (चाकाचा मधला भाग) १४८ मिमीचा, म्हणजे बूस्ट नावाचा रुंद प्रकार असेल तर साधारण ५२ लागतं. स्रॅमच्या तीन स्क्रूच्या डायरेक्ट माउंट (थेट क्रँकवर बसणाऱ्या) रिंगमध्ये म्हणूनच दोन ऑफसेट (रिंग आत सरकवण्याचं माप) मिळतात, साध्या हबला ६ मिमी आणि बूस्टला ३ मिमी. जास्त ऑफसेट म्हणजे रिंग आत.

रिंग आत आली की चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासते का, तेही बघा. गॅप इतका हवा की चिखल अडकला तरी रंग खरवडला जाणार नाही.

चेनरिंग

आधी रिंग बोल्टने लावल्या आहेत की रिबिटने, ते पाहा. स्वस्त क्रँकसेटमध्ये रिबिट असतात, तिथे रिंग सुटी बदलता येत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो.

बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. चार बोल्टांत ते ७३.५ मिमी भरलं तर १०४ बीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), आतल्या लहान रिंगसाठी ४५.३ भरलं तर ६४ बीसीडी. चारही अंतरं सारखी नसतील तर रिंग असिमेट्रिक आहे, तिला दुसरी चालणार नाही. १०४ वर साधारण ३२ पेक्षा लहान रिंग बसत नाही, काही खास रिंग ३० च्या मिळतात. ६४ वर २२ पर्यंत खाली जाता येतं.

आता दात. पुढे एकच रिंग ठेवायची फॅशन आहे, पण मागचा फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) १४-२८, म्हणजे लहान चकती १४ दातांची आणि मोठी २८ ची असेल तर जरा थांबा. ३२ ला २८ ने भागलं की १.१४ येतात, म्हणजे २९ इंची चाकावर पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर जाते. त्याच सायकलीवर २२ ची लहान रिंग असती तर १.८ मीटर. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना हा फरक मांड्या सांगतात. मागे ११-५० च्या आसपासची कॅसेट (चकत्यांचा संच) असेल तरच एकच रिंग करा, आणि तेव्हा ३० किंवा ३२ पुरे. चोर्ला घाटाकडच्या लांब चढावर ३४ कुणाला हवी असेल तर त्यांनी खुशाल घ्यावी.

एकाच रिंगला नॅरो-वाइड (एक अरुंद, एक रुंद असे) दात हवेत, म्हणजे चेन उडत नाही. हे दात बहुतेक ९ ते १२ स्पीडच्या (मागच्या चकत्यांची संख्या) चेनच्या मापाने केलेले असतात. ८ स्पीडची चेन आतून थोडी रुंद, ती त्यांवर तितकी घट्ट बसत नाही. शिमानोच्या १२ स्पीडला शिमानोचीच रिंग घ्यावी.

क्रँकची लांबी १७० आणि १७५ मिमी सर्रास मिळते. उंची कमी असेल तर १६५ किंवा १७० बघा.

बसवताना

आट्यांना ग्रीस लावा आणि वाट्या आधी हाताने फिरवा. दोन-तीन फेरे हाताने गेले नाहीत तर पाना उचलू नका. हॉलोटेकच्या बीबीबरोबर २.५ मिमीचे स्पेसर (मध्ये घालायच्या गोल चकत्या) येतात. साधारणपणे ७३ च्या नळीला उजवीकडे एक, ६८ ला उजवीकडे दोन आणि डावीकडे एक लागतो. वाट्या ३५ ते ५० न्यूटन मीटरवर (टॉर्क पान्यावर दिसणारं आवळण्याचं माप) आवळा. डाव्या क्रँकची टोपी मात्र बोटांनीच, फक्त हलणं थांबेपर्यंत. मग ५ मिमीच्या ॲलन कीने त्याच क्रँकचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत.

क्रँक हातात धरून आडवा हलवा, खेळ नसावा. चेन काढून फिरवा, तो सहज फिरायला हवा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट एकदा तपासा, आणि पावसाळ्यात सायकल धुताना प्रेशरचा पाइप बीबीवर रोखू नका.