अ‍ॅन आर्बरचे सात शनिवार : नव्यानं आलेल्यांसाठी

ऑगस्टच्या शेवटी सामान लागलं, वीज-इंटरनेट सुरू झालं, की आणखी एक काम उरकून टाका. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं वेळापत्रक काढा आणि घरच्या मैदानावरचे सामने कालनिर्णयवर निळ्या पेननं लिहून ठेवा. लाल पेन का नको, ते पुढे सांगते. साधारण सात शनिवार असतात, एखाद्या वर्षी आठ. खेळात काडीचा रस नसला तरी चालेल, पण हे शनिवार माहीत नसले तर चालायचं नाही. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आत आणि मिशिगन स्टेडियमच्या जागा १,०७,६०१. १९७५च्या नोव्हेंबरपासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर माणूस आलेलं आहे. अपवाद फक्त कोविडच्या २०२० सालाचा.

सामना कधी दुपारी बाराला, कधी साडेतीनला, कधी रात्री साडेसातला. वेळ टीव्हीवाले ठरवतात. काही सामन्यांची बारा दिवस आधी कळते, कधी कधी तर सहाच दिवस आधी. त्यामुळे 'त्या दिवशी संध्याकाळी बघू' असं कुणाला कबूल करू नका.

त्या दिवशी घर बदलू नका. डोहाळजेवण, बारसं, सत्यनारायण, काहीही शनिवारी ठेवायचं तर आधी यादी बघा. भारतातून आई-बाबा येणार असतील आणि त्यांच्यासाठी हॉटेल हवं असेल तर या शनिवारी भाव भलतेच चढतात, आणि पुष्कळ ठिकाणी एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत. स्टेडियमजवळचा मेन स्ट्रीट सामन्याच्या आधीच बंद करतात. २०२३ साली गणेश चतुर्थी मंगळवारी आली, म्हणून पुष्कळांनी पाहुण्यांना शनिवारी, २३ सप्टेंबरला बोलावलं. नेमका त्याच दिवशी दुपारी बाराला रटगर्सशी सामना. ओळखीच्या एका घरी आरती साडेअकराला होती, आणि नोव्हाय-ट्रॉयहून निघालेली अर्धी मंडळी हायवेच्या एक्झिटलाच अडकून पडली. मोदक पुन्हा वाफवावे लागले.

याची दुसरी बाजू फार सोयीची आहे. सामना सुरू झाला की पुढचे तीन तास गावात शुकशुकाट. महिन्याचा किराणा, कॅन्टनच्या भारतीय दुकानातली चक्कर, मुलांचे बूट, सगळं तेव्हा उरकून घ्या.

स्टेडियमच्या आसपास घर भाड्यानं घेणाऱ्यांनी एक गोष्ट लीजवर सही करण्याआधी विचारावी. तिथले लोक सामन्याच्या दिवशी अंगणात गाड्या लावू देतात आणि त्याचे पैसे घेतात. ते पैसे घरमालकाचे की तुमचे? आणि तुमची स्वतःची गाडी कुठे? ओळखीतल्या एका मुलीची गाडी दहा परक्या गाड्यांच्या मागे दिवसभर अडकून राहिली होती.

आता खेळ, अगदी कामापुरता. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे, ते एव्हाना कळलंच असेल. दोन्हीकडून अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण, त्यानंतर खांबांमधून लाथाडला की आणखी एक. तिथवर पोचणं जमत नसेल तर लांबूनच लाथ मारून तीन. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, पण घड्याळ सारखं थांबतं, म्हणून तासाभराचा खेळ साडेतीन तास चालतो. एवढ्यावर पहिला सामना निभावतो.

पहिलं तिकीट सप्टेंबरच्या सुरुवातीचं काढा. तेव्हा समोर बहुधा लहान विद्यापीठाचा संघ असतो आणि पुनर्विक्रीच्या ॲपवर तिकिटं त्या मानानं स्वस्त मिळतात. सॅक घरी ठेवा, आत नेऊ देत नाहीत. १९२७ सालचं हे स्टेडियम जमिनीत खणून बांधलेलं आहे. बाहेरून ते ठेंगणंच दिसतं, आणि दारातून आत गेलं की आपण वरच्या बाजूला उभे असतो, मैदान पार खाली. बसायला अ‍ॅल्युमिनियमचे बाक, माणशी जागा चिंचोळी. सप्टेंबरात तो बाक तापतो. नोव्हेंबरात त्याचा गारठा थेट हाडांत शिरतो, आणि सगळ्यांनी जाड कोट घातल्यामुळे जागा आणखीच कमी पडते. पायाखाली पुठ्ठा आणि दोन जोड मोजे, हा माझा उपाय.

सामन्याआधी गाड्यांच्या मागे मांडून खाणं-पिणं चालतं, त्याला टेलगेट म्हणतात. शेजाऱ्यांनी बोलावलं तर जरूर जा. या लोकांशी खरी ओळख तिथेच होते, वर्षभराच्या 'हाय, हाउ आर यू'मधून होत नाही. 'काही आणू नका' म्हणाले तरी हातात धरून खाता येईल असं काहीतरी न्या. बटाटेवडे हमखास संपतात. रस्साभाजी नेऊ नका, उभ्या उभ्या खाणाऱ्यांचे हाल होतात. बिअर नको असेल तर नको म्हणा, कुणी आग्रह करत नाही.

गप्पांत २०२३च्या हंगामाचा विषय निघेलच, म्हणून तेवढा माहीत असू द्या. त्या वर्षी संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकला. पण प्रशिक्षक जिम हार्बा नेहमीच्या हंगामातल्या बारापैकी सहाच सामन्यांना मैदानावर होते. सुरुवातीचे तीन विद्यापीठानंच बसवलं, आणि शेवटचे तीन, प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या खेळाडूंना केलेल्या खुणा टिपून नेल्याच्या प्रकरणात, बिग टेननं, म्हणजे संघ ज्या लीगमध्ये खेळतो तिनं. तो दुसरा निकाल आला १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पेन स्टेटशी, त्यांच्या मैदानावर सामना. आमच्याकडे फराळाला जमलेल्या मंडळींच्या हातातल्या चकल्या हातातच राहिल्या होत्या. हार्बांच्या जागी उभ्या असलेल्या शेरोन मूर यांनी उत्तरार्धात चेंडू फेकणं जवळजवळ सोडूनच दिलं. नुसतं धावायचं, पुन्हा धावायचं. २४-१५. नंतर मूर टीव्हीसमोर ढसाढसा रडले. पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवून एक हजारावा विजय झाला, कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर पोचलेला हा पहिला संघ. मग जुना वैरी ओहायो स्टेट ३०-२४, १ जानेवारीला जादा वेळेत अलाबामा २७-२०, आणि ८ जानेवारी २०२४ला ह्यूस्टनमध्ये अंतिम सामन्यात वॉशिंग्टन ३४-१३. १९९७चं अजिंक्यपद नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावं लागलं होतं, हे मात्र एकट्याचं. महिनाही झाला नाही आणि हार्बा लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे निघून गेले. काही जण अजून त्यावर धुसफुसतात. मला विचाराल तर मिळवायचं ते मिळवून माणूस गेला, त्यात राग कसला.

पुढच्या वर्षी, २०२४ला, आठ विजय आणि पाच पराभव. इतर कुठे हा हंगाम वाया गेला म्हणाले असते. इथे कुणी तसं म्हणणार नाही, कारण नेहमीच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी कोलंबसला, त्यांच्या गावी जाऊन ओहायो स्टेटला १३-१० हरवलं. तीच ओहायो स्टेट त्या वर्षी देशात पहिली आली, तरी इथे चेष्टा चालूच होती.

तर लाल पेन. लाल हा ओहायो स्टेटचा रंग. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारचा हा सामना सम वर्षी कोलंबसला, विषम वर्षी इथे. वैर जुनं आहे. १८३५ साली टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो, दोन्ही बाजूंनी माणसं हत्यारं घेऊन उभी राहिली होती. टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला राज्याचा दर्जा आणि उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला. बेळगावचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज कसे चढतात ते आठवा, फक्त इथे त्याची मजा झाली आहे. कोलंबसच्या विद्यापीठात त्या आठवड्यात पाट्यांवरचं मिशिगनचं 'एम' अक्षर लाल पट्ट्यांनी खोडतात. तुम्ही त्या आठवड्यात ऑफिसला लाल स्वेटर घालू नका, नाहीतर दिवसभर टोमणे ऐका. संघ हरलाच तर संध्याकाळी शेजाऱ्यांचं सांत्वन करायला जाऊ नका. सोमवारी बोला.

कोलंबसचा मावसभाऊ थँक्सगिव्हिंगला येणार असेल तर त्याला खुशाल ठेवून घ्या. पण सामना इथे असेल त्या वर्षी शनिवारी सकाळी आठच्या आत वाटेला लावा. ते जमलं नाही तर संध्याकाळी सातपर्यंत चहा पाजत बसवून ठेवा. मधल्या वेळात यूएस-२३ दक्षिणेकडे हलत नाही, आणि ओहायोची नंबरप्लेट असली तर लेनमध्ये कुणी शिरूही देत नाही.