वसंतात ओढ्यावर कायाक घेऊन उतरताय? या चुका टाळा

डोंगरावरचा बर्फ वितळायला लागला की वर्षभर दगडगोट्यांतून रखडत वाहणारे ओढे काही आठवडे कायाक (वल्ह्याने हाकायची अरुंद, छोटी नाव) चालवण्याजोगे होतात. त्याच आठवड्यांत त्याच त्या चुका करणारी मंडळीही काठावर हजर होतात. त्यात मोठ्या नदीवर हात बसलेलेही बरेच असतात. ‘हात्तिच्या, एवढासा तर ओढा’ म्हणत उतरतात आणि अरुंद पात्रात चूक निस्तरायला जागाच नसते, हे पहिल्या वळणावर कळतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते हवा बघून कपडे घालणाऱ्यांवर. बाहेर छान ऊन, 22 अंश तापमान, म्हणून अंगात सुती टीशर्ट. पण ओढ्याचं पाणी सकाळपर्यंत बर्फ होतं, त्याचं काय? पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने खेचून घेतं. ‘गारठायला वेळ लागतो, तोवर काठ गाठू’ हा हिशेब तर साफ चुकीचा. पडल्यापडल्या पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पुढचं बोलायलाच नको. मग दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात, फेकलेला दोरही मुठीत धरवत नाही. शरीर आतून गारठायला तासभर लागतो खरा, पण बुडणारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात.

ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा पोशाख घाला, नसेल तर जाड वेटसूट, म्हणजे भिजला तरी ऊब धरणारा रबरी पोशाख. मी निघण्याआधी सगळा जामानिमा चढवून काठाजवळच्या संथ पाण्यात बसून बघतो. पाच मिनिटं बसवलं नाही तर त्या दिवशी कायाक गाडीवरून उतरत नाही. ‘यात फार उकडतं हो’ अशी कुरकूर करणाऱ्याला मी पाण्यात डोकं बुडवून यायला सांगतो.

दुसरी चूक, न बघता वळण घेणं. हिवाळ्यात काठ खचतात, वादळात झाडं उन्मळतात आणि वसंतात ती ओढ्यात आडवी पडलेली सापडतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस गाळणीतल्या चोथ्यासारखा मागे राहतो.

एकदा अशाच एका वळणाच्या वर कायाक काठाला लावून मी पुढचं बघायला चढत होतो. बरोबरच्या एका नव्या गड्याला थांबायचा कंटाळा आला. ‘गेल्याच आठवड्यात येऊन गेलोय, पुढे काही नाही’ म्हणाला आणि सुटला. मधल्या आठवड्यात तिथे एक अख्खं झाड आडवं झालं होतं. ते दिसताच घाबरून तो झाडापासून लांब, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला झुकला. कायाकची ती कड पाण्यात गेली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाव उलटून खोडाखाली शिरली. लाइफ जॅकेटचा खांदा एका फांदीत अडकला म्हणून तोंड तेवढं पाण्यावर राहिलं. दोघं खोडावर पालथे पडून त्याला धरून होते आणि मी स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कायाकच्या तोंडावर ताणून बसवायचं, पाणी अडवणारं झाकण) ओढून काढायला त्याची पट्टी शोधत होतो. पट्टी सापडेना, कारण घाईत ती त्याने आतच खोचली होती! शेवटी चाकूने स्कर्ट फाडला. काठावर आणला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि स्वतःच्या हेल्मेटचं बक्कलही त्याला काढता येत नव्हतं. कायाक पाणी उतरल्यावर मिळाली, मधोमध दुमडलेली.

म्हणून, वळणाचा शेवट दिसत नसेल तर उतरा आणि चालत जाऊन बघा. काल बघितलं असेल तरीही. दहा मिनिटं वाचवायची हौस असलेल्यांनी माझ्याबरोबर येऊ नये. आदळणं टळत नसेल तर खोडाकडे किंवा खडकाकडेच झुका, त्याला मिठी मारा. पाण्यात पडला असाल तर एरवी उताणं, पाय पुढे करून वाहत जायचं. पण समोर झाड असेल तर पालथे व्हा, जीव खाऊन त्याच्याच दिशेने पोहा आणि अंग वर झोकून द्या. स्कर्टची पट्टी बाहेर आहे ना, हे मी निघताना प्रत्येकाची हाताने ओढून बघतो. राग आला तरी चालेल.

बुटका बंधारा वरून नुसती सपाट रेघ दिसतो. खाली मात्र पाणी उलटं फिरत असतं आणि ओंडक्यांसारखंच माणसालाही घुसळत ठेवतं. कायाक खांद्यावर घ्या, काठाने पलीकडे जा. यावर मी वाद घालत नाही.

सकाळचं पाणी संध्याकाळी तेवढंच राहत नाही. दिवसभर बर्फ वितळतो आणि त्याचा लोंढा दुपारनंतर येतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. मी निघण्याच्या जागी पाण्याच्या कडेला काठी रोवतो, आवराआवर होईपर्यंत ती बुडायला लागली असेल तर बेत रद्द.

वाहत्या पाण्यात उभं राहू नका, दगडांत पाय अडकला की प्रवाह तुम्हाला तोंडावर पाडतो. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत येता कामा नये. थ्रो बॅगचा, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या पिशवीतला दोर अंगाला बांधू नका. एकटे जाऊ नका.

बाहेर पडायची जागा आधी काठावरून बघून ठेवा आणि तिथे लांबून दिसेल असं रंगीत फडकं बांधा. आणि खाली, बाहेर पडायच्या जागी लावून ठेवलेल्या गाडीची किल्ली वर, निघायच्या जागच्या गाडीत ठेवून निघू नका. हसताय काय, दर वसंतात कुणी ना कुणी ठेवतंच.