जागलीच्या हंगामाआधी: सोलरचा चार्ज कंट्रोलर किती ॲम्पियरचा घ्यावा?

सोयाबीन सोंगून झालं, पऱ्हाटीची वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली आणि हरभरा नुकताच उगवून वर आला. आता होळीपर्यंत डुकरं आणि रोही (नीलगाई) रात्री माणसाला वावरातून हलू देणार नाहीत. म्हणून दिवाळी झाली की खोपडीवर सोलर प्लेट चढते, खाली बॅटरी, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन आणि दोन-तीन बल्ब लागतात. प्लेट आणि बॅटरी आपण चार ठिकाणी विचारून घेतो. त्या दोघींच्या मधला, बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारा डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, मात्र दुकानदार देईल तो उचलतो. मीही तेच केलं होतं आणि एक चांगली बॅटरी घालवली.

घराच्या छतावरची ३३५ वॅटची प्लेट स्वस्तात मिळाली. ती मी १२ व्होल्टच्या बॅटरीला २० ॲम्पियरच्या साध्या कंट्रोलरवर जोडली. प्लेटचा करंट ९ ॲम्पियर, कंट्रोलर २० चा, म्हणजे भरपूर झाला असं वाटलं. पण त्या कंट्रोलरला प्लेटकडून २५ व्होल्टपर्यंतच सोसायचं होतं आणि ही प्लेट मोकळी असताना ४६ व्होल्ट देते. बॅटरी भरत असते तोवर ती प्लेटचं व्होल्टेज खाली ओढून धरते, त्यामुळे काही दिवस सगळं सुरळीत चाललं. एका दुपारी बॅटरी पूर्ण भरली, कंट्रोलरने प्लेटची जोडणी तोडली आणि ते ४६ व्होल्ट त्याच्या आतल्या स्विचवर आले. स्विच जळून आतल्या आत कायमचा जोडला गेला. बॅटरी मग चार दिवस दिवसभर चार्ज होत राहिली. झाकण उघडलं तेव्हा पाणी आटून शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या.

तेव्हा पहिली गोष्ट: नुसते प्लेटचे वॅट पाहून कंट्रोलर घेऊ नका. प्लेटच्या पाठीमागच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, व्हीओसी (मोकळ्या प्लेटचं व्होल्टेज) आणि आयएससी (प्लेटच्या दोन्ही तारा एकमेकींना जुळवल्यावर येणारा करंट). हे दोन आकडे, वॅट आणि बॅटरीचं व्होल्टेज कागदावर लिहूनच दुकानात जा.

साधा कंट्रोलर म्हणजे पीडब्ल्यूएम. याचा हिशेब सोपा आहे, आयएससीला सव्वाने गुणायचं. १०० वॅटच्या १२ व्होल्टवाल्या प्लेटचा आयएससी साधारण ६ ॲम्पियर असतो. सव्वापट केली की साडेसात येतात, म्हणून १० ॲम्पियरचा कंट्रोलर घ्यावा. पुढे तशीच दुसरी प्लेट शेजारी, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशी, लावायची असेल तर १२ ची सव्वापट १५ होते, तेव्हा आजच २० चा घ्या. सव्वापट अशासाठी की ढग फाटून ऊन पडलं की प्लेट काही वेळ स्टिकरपेक्षा जास्त करंट देते, आणि टिनाखाली तापलेला कंट्रोलर लिहिलेला पूर्ण भार पेलत नाही.

पीडब्ल्यूएम प्लेटचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर आणतो, करंट मात्र वाढवत नाही. म्हणून ३३५ वॅटची प्लेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर, सोसणारा पीडब्ल्यूएम लावला तरी, ९ ॲम्पियर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे १२० वॅटच्या आसपासच काम देते. बाकीचे दोनशे वॅट वाया जातात. मोठी प्लेट असेल तर एमपीपीटी कंट्रोलरच हवा. तो जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून बॅटरीला देतो. त्याचा हिशेब प्लेटच्या वॅटवरून होतो: ३३५ भागिले १२ म्हणजे २८, त्याची सव्वापट ३५, तर ४० ॲम्पियरचा घ्यावा. हीच प्लेट २४ व्होल्टच्या बॅटरी-जोडीवर लावली तर २० ॲम्पियरचा पुरतो. पण झटका मशीन १२ व्होल्टचं असतं आणि जोडीतल्या एकाच बॅटरीवरून ते चालवलं तर ती बॅटरी कायम उपाशी राहून लवकर मरते. आणखी एक तपासा: शिशाच्या बॅटरीला तिच्या एएचच्या (ॲम्पियर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) दहाव्या हिश्श्याइतका करंट मानवतो. १०० एएचच्या बॅटरीत २८ ॲम्पियर घालणं तिला जाळणं आहे. करंटची मर्यादा ठरवता येते तोच एमपीपीटी निवडा.

बाजारात एमपीपीटी लिहिलेले कितीतरी डबे आत पीडब्ल्यूएमच असतात. ओळखायचे कसे? खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड कॉइल आणि गरमी बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो, तो हाताला जड लागतो. पक्की परीक्षा डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायच्या मीटरने होते. मोठी प्लेट लावून भर उन्हात, बॅटरी अर्धी रिकामी असताना, प्लेटच्या आणि बॅटरीच्या तारेतला करंट मोजा. बॅटरीकडचा करंट प्लेटकडच्यापेक्षा बराच जास्त आला तर माल खरा. दोन्ही सारखेच आले तर पैसे परत मागा.

आता थंडीचं. प्लेट थंड असली की तिचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. स्टिकरवरचा आकडा २५ अंशांचा असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा खूप उतरतो, डिसेंबर २०१८ मध्ये तर नागपुरात ३.५ अंश होता. ५ अंशांवर व्होल्टेज ६ टक्के वाढतं. ४६ व्होल्टच्या दोन प्लेटा सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडल्या तर ९२ चे साडेसत्त्याण्णव होतात. १०० व्होल्टचा कंट्रोलर मग काठावर येतो. तिथे १५० व्होल्टवालाच घ्या, फरकाचे पैसे वसूल होतात.

खोपडीला नेमकं किती लागतं? झटका मशीन ५ वॅटचं, हिवाळ्यात रात्रीचे १४ तास, म्हणजे ७० वॅट-तास. ७ वॅटचे तीन बल्ब पाच तास, १०५. दोन मोबाइल २०, फवारणी पंपाची बॅटरी १२०. बेरीज ३१५. हिवाळ्यात कामाचं ऊन पाच तास धरा आणि वाटेतली गळती एक तृतीयांश, तर १०० वॅटची प्लेट पुरते. दोन रात्री निभावायच्या आणि शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून १०० एएच. एवढ्याला १० ॲम्पियरचा चांगला पीडब्ल्यूएम लागतो, महागाचा एमपीपीटी नको. फक्त प्लेट तुरीच्या बाजूला खाली लावू नका, फुलावरची तूर डोक्याएवढी होऊन सावली टाकते. तोंड दक्षिणेला, हिवाळ्यापुरता उतार ३५ अंश.

जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. सोडताना आधी प्लेट. बॅटरी नसताना प्लेट जोडली तर कंट्रोलर व्होल्टेज चुकीचं ओळखतो किंवा जळतो. बॅटरीच्या प्लस तारेवर अगदी जवळ फ्यूज घाला. तारही नीट हवी: खोपडी प्लेटपासून १० मीटर असेल आणि करंट १० ॲम्पियर, तर अडीच चौ. मिमी तारेत दीड व्होल्ट वाटेतच जातो, ४ चौ. मिमीत एकच्या आत. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोडवर (बल्ब वगैरे जोडायच्या जागेवर) कधी लावू नका, तो थेट बॅटरीवर, फ्यूज घालून लावायचा. बॅटरी शिशाची की लिथियमची, ते कंट्रोलरमध्ये निवडा, नाहीतर एक भरणार नाही आणि दुसरी बिघडेल.

योजनेतून मिळालेल्या सोलर पंपाच्या पेटीलाही लोक कंट्रोलरच म्हणतात. ती पेटी मोटर चालवते, बॅटरी चार्ज करत नाही. त्या प्लेटा सिरीजमध्ये असतात, व्होल्टेज शेकड्यांत जातं. त्यातून एक तार काढून खोपडीत बॅटरी भरायला जाऊ नका, जिवाला धोका आहे. आणि झटका मशीन बंद पडलं म्हणून कुंपणात घरची वीज सोडणं तर कोणत्याही रात्री करू नका. त्या तारेवर डुकराआधी शेजारच्या वावरात ओलित करणारा माणूस जातो.

स्टिकर काही वर्षांत पुसट होतं. प्लेट वर चढवण्याआधी व्हीओसी, आयएससी आणि वॅट मागच्या चौकटीवर मार्करने लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि कंट्रोलर बॅटरीच्या वर न ठेवता बाजूच्या भिंतीवर, हवा लागेल असा, उभा बसवा.