जळगाव-धुळ्यात राहून पोकेमॉनचा स्पर्धेचा डेक बांधताना

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारमध्ये पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम खेळणाऱ्यांना कार्डे मिळण्याची अडचण आता फारशी राहिलेली नाही, कारण ती कुरियरने घरपोच येतात. खरी अडचण प्रतिस्पर्ध्यांची आहे. त्याच चार-पाच मित्रांशी महिनोन्महिने खेळत राहिले, की डेक (खेळायची कार्डांची गड्डी) नकळत त्या चार-पाच जणांना हरवण्यापुरताच घडत जातो आणि मुंबई-पुण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीला समोर असे काही येते, ज्याचा विचार त्यात कधी झालेलाच नसतो. म्हणून डेक कसा बांधावा याइतकेच तो कोणाविरुद्ध तपासावा यालाही या लेखात महत्त्व दिले आहे.

नियमांची चौकट आधी पक्की असावी. डेकमध्ये बरोबर 60 कार्डे लागतात, एकाच नावाची चारपेक्षा जास्त कार्डे चालत नाहीत आणि हल्ल्यांसाठी पोकेमॉनला लावायच्या बेसिक एनर्जी कार्डांना ही मर्यादा लागू नाही. सुरुवातीला सात कार्डे हातात येतात आणि सहा कार्डे प्राइझ म्हणून बाजूला पालथी ठेवली जातात; समोरचा पोकेमॉन बाद केला की ती घेता येतात आणि सहाही आधी घेणारा जिंकतो. स्टँडर्ड प्रकारात, म्हणजे फक्त अलीकडची कार्डे चालणाऱ्या स्पर्धांत, कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातील इंग्रजी अक्षरावरून ते चालते की नाही हे ठरते. जुनी अक्षरे ठरावीक काळाने बाद होतात, त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी सध्या कोणती अक्षरे चालू आहेत हे अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे. स्टेशनरीच्या दुकानांत आणि जत्रांमध्ये मिळणारी सोनेरी चकचकीत कार्डे बनावट असतात. लहान भावंडांना खेळायला ती ठीक आहेत, स्पर्धेत ती कोणी स्वीकारणार नाही.

बांधणीची सुरुवात कार्डे जमवण्यापासून न करता डाव कसा जिंकायचा हे कागदावर लिहून करावी. हा डेक कोणत्या टर्नला, कोणत्या पोकेमॉनने, किती नुकसान करणार आणि सहा प्राइझ किती फटक्यांत घेणार, हे तीन वाक्यांत लिहिता आले नाही, तर योजना अजून कच्ची आहे असे समजावे. उदाहरणासाठी 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातील चारिझार्ड ईएक्स घेऊ. हे कार्ड तुम्ही वाचत असताना स्टँडर्डमध्ये चालत नसले, तरी बांधणीची रीत समजायला ते फार सोयीचे आहे. हातातून उत्क्रांत करताच ते डेकमधून तीनपर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून लावू देते. त्याचा हल्ला 180 चा असून प्रतिस्पर्ध्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे त्यात 30 वाढतात. म्हणजे समोरच्याने दोन प्राइझ घेतल्यावर 240, चार घेतल्यावर 300. यावरून योजना आपोआप लिहिली जाते: दुसऱ्या टर्नला चारिझार्ड उभा करायचा, सुरुवातीला थोडे मागे पडलो तरी घाबरायचे नाही आणि उत्तरार्धात मोठ्या फटक्यांनी डाव फिरवायचा. एनर्जी डेकमधून थेट मिळत असल्यामुळे त्या मोजक्याच ठेवून वाचलेल्या जागा इतर कार्डांना देता येतात.

आता दुसऱ्या टर्नला चारिझार्ड हवा असेल तर काय काय जुळून यावे लागते ते पाहा. पहिल्या टर्नला चारमँडर, म्हणजे ज्यापासून चारिझार्ड उत्क्रांत होतो तो बेसिक पोकेमॉन, खाली ठेवलेला असला पाहिजे, कारण मधला टप्पा वगळून थेट चारिझार्ड करणारे रेअर कँडी हे कार्ड नुकत्याच खाली ठेवलेल्या बेसिकवर वापरता येत नाही. दुसऱ्या टर्नला रेअर कँडी आणि चारिझार्ड दोन्ही हातात लागतात. यातला कोणताही एक दुवा निसटला तर सगळी योजना एक टर्न पुढे ढकलली जाते, आणि वेगवान डेकसमोर एक टर्न म्हणजे बहुधा दोन प्राइझ. म्हणून कोणते कार्ड किती ठेवावे हा प्रश्न आवडीवर न सोडता गणिताने सोडवावा.

60 पैकी चार कार्डे एकाच नावाची असतील, तर सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातले निदान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. तीन ठेवली तर ती 31.5 टक्क्यांवर येते, दोन ठेवली तर 22 आणि एकच ठेवले तर पावणेबारा टक्के. चार कार्डे ठेवूनही दहापैकी सहा डावांत ते कार्ड सुरुवातीला दिसणारच नाही, ही गोष्ट पुष्कळ खेळाडूंच्या लक्षात येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे एकच काम करणारी वेगवेगळ्या नावांची कार्डे ठेवणे. बडी-बडी पॉफिन हे कार्ड 70 किंवा त्याहून कमी एचपीचे (एवढ्या नुकसानाने बाद होणारे) दोनपर्यंत बेसिक पोकेमॉन डेकमधून थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत आणते. नेस्ट बॉल एक बेसिक आणतो. दोन्ही चार-चार ठेवली तर चारमँडर खाली आणण्याचे साधन सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता 40 वरून 65 टक्क्यांच्या पुढे जाते. डेकमधले प्रत्येक महत्त्वाचे काम याच पद्धतीने मोजावे: कार्डांची नावे मोजू नयेत, ते काम करणारी कार्डे एकूण किती आहेत हे मोजावे.

बेसिक पोकेमॉनच्या संख्येलाही हेच गणित लागू पडते. डेकमध्ये आठच बेसिक असतील तर जवळपास 35 टक्के वेळा सात कार्डांत एकही बेसिक येत नाही. मग हात दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि समोरच्याला एक जादा कार्ड घेण्याची मुभा मिळते. बेसिक 10 केले तर हे प्रमाण 26 टक्क्यांवर येते आणि 12 केले तर 19 टक्क्यांवर. याउलट जादा बेसिक म्हणजे पुढच्या टर्नला हातात नको असलेले कार्ड. माझ्या मते हळू उभ्या राहणाऱ्या डेकमध्ये दहाच्या खाली जाण्याचा मोह आवरावा.

एकच प्रत ठेवलेले कार्ड तेव्हाच परवडते, जेव्हा ते शोधून काढण्याची खात्रीची सोय असते. चारिझार्डच्या जोडीला पिजॉट ईएक्स ठेवण्याची पद्धत त्यातूनच रुळली, कारण पिजॉट दर टर्नला डेकमधले हवे ते एक कार्ड हातात घेऊ देतो. तरीही ते एकमेव कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता दहा टक्के असतेच. म्हणून डावात पहिल्यांदा डेक चाळताना प्राइझमध्ये काय गेले हे ओळखण्याची सवय लावावी. घरी एकट्याने सराव करावा: सहा कार्डे बाजूला ठेवायची, उरलेला डेक चाळायचा आणि अर्ध्या मिनिटात कोणती महत्त्वाची कार्डे कमी आहेत ते सांगायचे. प्रतिस्पर्धी नसतानाही करता येण्यासारखा याहून उपयोगी सराव मला माहीत नाही.

एकट्याने करण्याचा दुसरा सराव म्हणजे डेक पिसून सात कार्डे घेणे, फक्त पहिले दोन टर्न खेळणे आणि चारिझार्ड उभा राहिला की नाही एवढेच वहीत टिपणे. नाही राहिला तर कोणता दुवा तुटला तेही लिहावे. संध्याकाळभर असे केले की कमी काय पडते हे मतांवर न राहता आकड्यांतून दिसू लागते, आणि पहिले बदल तिथूनच सुचतात.

त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न येतो. मोठ्या स्पर्धांत वर आलेल्या डेकच्या याद्या लिमिटलेससारख्या संकेतस्थळांवर उघड असतात. त्यातून स्वभावाने वेगळे असे तीन डेक निवडावेत: एक पहिल्या-दुसऱ्या टर्नपासून मारणारा, एक सावकाश उभा राहणारा आणि एक समोरच्याला खेळूच न देणारा. कार्डे विकत घेण्याची गरज नाही. कार्डाचा आकार साधारण 63 बाय 88 मिलिमीटर असतो, त्यामुळे ए-फोर कागदावर नऊ कार्डे बसतात आणि सात कागदांत सगळा डेक होतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर भागते. कापलेला तुकडा स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) एखाद्या साध्या कार्डाच्या पुढे सरकवावा. स्पर्धेत अशी कार्डे चालत नाहीत, सरावाला मात्र उत्तम. हे डेक मित्रांनी चालवायचे आणि काही डावांनंतर बाजू बदलायची, कारण समोरचा डेक स्वतः चालवल्याशिवाय त्याला कुठे धाप लागते ते कळत नाही. मित्र नवखा असेल तर तो त्या डेकने हरेल आणि तुमचा डेक उगाच बलवान भासेल, हा धोकाही बाजू बदलल्याने कमी होतो.

निकाल वाचताना घाई करू नये. दोन्ही डेक अगदी बरोबरीचे असले, तरी दहापैकी सहा किंवा अधिक डाव तुम्ही जिंकण्याची शक्यता जवळपास 38 टक्के असते, त्यामुळे 6-4 वरून एखादा बदल यशस्वी ठरवणे म्हणजे नाणेफेकीवर विश्वास ठेवणे होय. हार-जितीपेक्षा टिपणे जास्त सांगतात: सुरुवात कोणी केली, कोणते कार्ड हातात पडून राहिले, कोणत्या क्षणी कोणते कार्ड हवे होते. एका वेळी एक किंवा फार तर दोन कार्डे बदलावीत. पाच बदलली तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. नवे कार्ड हातात आल्यावर आनंद झाला की दुसरे काही आले असते तर बरे झाले असते असे वाटले, ही नोंद प्रत्येक वेळी करावी.

एखाद्याच डेकविरुद्ध उपयोगी पडणारे कार्ड घालताना विशेष जपून असावे. मॅजिक: द गॅदरिंग या दुसऱ्या कार्डांच्या खेळात 15 कार्डांचा साइडबोर्ड असतो आणि दोन डावांच्या मध्ये कार्डे बदलता येतात, पोकेमॉनमध्ये तशी सोय नाही. दिवसभर तीच 60 कार्डे चालवावी लागतात. जळगावातल्या मित्राचा डेक जाचतो म्हणून त्याच्यासाठी दोन जागा अडवल्या, तर पुण्यातल्या प्रत्येक डावात आपण 58 कार्डांनी खेळतो. त्या प्रकारचा डेक बाहेरच्या याद्यांमध्ये खरोखर वारंवार दिसत असेल तरच ती जागा द्यावी, नाहीतर मित्राकडून हरणे खुशाल पत्करावे.

सरावात घड्याळही ठेवावे. मोठ्या स्पर्धांत तीन डावांच्या लढतीला 50 मिनिटे मिळतात आणि दर टर्नला डेक चाळणारा खेळाडू त्यात सहज अडकतो. पिजॉटने काय आणायचे हे समोरच्याचा टर्न चालू असतानाच ठरवलेले असावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एक त्रास पुस्तकी मार्गदर्शनात सापडत नाही. पारा 45 च्या आसपास गेला की घरोघरी कुलर चालू होतात आणि त्याच्या दमट हवेत चकचकीत फॉइल कार्डे धनुष्यासारखी वाकतात. पिसलेल्या डेकमधून असे कार्ड पालथे असतानाही ओळखू येते आणि पंच ते खुणेचे कार्ड मानू शकतात. डेक कुलरसमोर उघडा ठेवू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, आणि ज्या कार्डाची साधी प्रत मिळते त्याची फॉइल प्रत स्पर्धेत वापरूच नये. स्लीव्ह सगळ्या एकाच रंगाच्या आणि सारख्याच झिजलेल्या हव्यात, त्यामुळे नव्या स्लीव्ह स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकदम सर्व 60 कार्डांना घालाव्यात आणि पाच-सहा जादा जवळ ठेवाव्यात.

डेकची यादी निघण्याआधी घरीच लिहून काढावी. प्रत्येक पोकेमॉनपुढे संचाचे चिन्ह आणि क्रमांक लिहावा, कारण एकाच नावाचे चारमँडर निरनिराळ्या संचांत निरनिराळ्या हल्ल्यांचे असतात. मग दुसऱ्या कोणाला तरी ती यादी मोठ्याने वाचायला सांगून डेकमधले एकेक कार्ड बाजूला काढावे. बेरीज 59 किंवा 61 निघाली, तर ती भुसावळहून गाडीत बसण्याआधी निघालेली बरी.