माळ्यावरचा मारिओवाला डब्बा परत चालू कसा करायचा

दिवाळीत घर झाडताना माळ्यावर तुरीच्या रिकाम्या पोत्याखाली आमचा जुना टीव्ही गेम सापडला. माय म्हणे, "दे त्या भंगारवाल्याले, किलोभर प्लास्टिक भरते." पुतण्या बाजूलेच उभा होता, त्यानं विचारलं, "काका, हे राउटर आहे का?" बस, तिथंच ठरलं का हा डब्बा चालू करूनच दाखवायचा. चार दिवस गेले, एक आयसी (आतली छोटी चिप) जळाली, दोन वेळा तालुक्याले चक्कर झाली, पण झाला चालू. आता गावातले बाकीचे पोट्टे (पोट्टे कसले, सगळे चाळिशीतले) आपापले डब्बे घेऊन येऊन राहिले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पहिले हे डोक्यात घ्या का आपल्याकडं जे होतं ते ओरिजनल नव्हतंच. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीनं जपानात १९८३ ला फॅमिकॉम नावाचा टीव्ही गेम काढला, आपल्याकडं आली ती बहुतेक त्याची नक्कल. कोणाकडं मीडिया, कोणाकडं लिटल मास्टर, कोणाकडं नुसतं डब्यावर मारिओचं चित्र. आमचा बाबांनी कापूस विकल्यावर नागपूरच्या बर्डी बाजारातून आणला होता, तेव्हाचं बिल अजून आत होतं पण शाई उडाली. ह्या नकलेचा एक फायदा आहे, आत बिघडायले जास्त काही नसतेच. नंतरच्या डब्यांत तर अख्ख्या मशीनचं काम एकाच चिपमध्ये, वरून डांबरासारखा काळा ठिपका टाकलेला. तो ठिपका सहसा मरत नाही. मरते ते अडाप्टर, वायर, नाहीतर कॅसेटच्या पट्टीवर मळ बसलेला असते.

अन् अडाप्टरपासूनच सुरुवात करा, कारण माझी चूक इथंच झाली. जुना अडाप्टर हरवला होता, डब्ब्यावर लिहिलं होतं ९ व्होल्ट, घरी वायफायच्या राउटरचा ९ व्होल्टचा अडाप्टर पडून होता, पिन पण बरोबर बसली, मी म्हटलं नऊ म्हणजे नऊ, लावला. लाल लाइट लागला नाही न दहा सेकंदात तो वास आला, ज्यानं कोणी मोटर जाळली असेल त्याले तो वास माहीत आहे. झालं काय, राउटरच्या पिनमध्ये आतल्या भोकात प्लस असते, बाहेरून मायनस, अन् ह्या गेमच्या डब्ब्यांत बऱ्याचदा उलटं असते, आत मायनस. डब्ब्यावर न अडाप्टरवर गोल चिन्ह काढलेलं असते, मधल्या टिपक्यातून एक रेघ प्लसकडं न दुसरी मायनसकडं जाते, ते दोन्हीकडचं जुळलं तरच लावायचं. स्टिकर घासून गेलं असेल तर डब्बा खोला, आत तीन पायाची ७८०५ नावाची आयसी दिसते, मागं पत्रा लावलेली, तिचा मधला पाय म्हणजे मायनस. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या मधल्या पायाले न दुसरं पिनच्या सॉकेटले, जिथं बीप वाजली ती मायनसची बाजू. अडाप्टर तेव्हा लावलेला नको, हे सांगायची गरज नाही पण सांगतो.

माझी तीच ७८०५ गेली होती. तिचं काम एवढंच का ९ व्होल्ट आले तरी पुढं चिपले ५ च द्यायचे. रेडिओ-टीव्ही रिपेरिंगच्या कोणत्याही दुकानात भेटते, चहा-नाश्त्याच्या पैशात, अन् डाग देता (सोल्डरिंग करता) येत असेल तर पाच मिनिटांचं काम. बाकीचं सगळं वाचलं, म्हणजे नशीबच.

आता आपल्या गावाकडची एक खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईवाल्याले सांगून समजणार नाही. गेम मध्येच अडकते, स्क्रीनवर अक्षरांचा कचरा येते, मग पोट्टे म्हणतात कॅसेट खराब. कॅसेट नसते खराब, शेतातल्या मोटरी चालू असतात. थ्री फेज आली का सगळे पंप एकदम लागतात, घरात व्होल्टेज एकशे सत्तरवर येते, अन् जुना वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला अडाप्टर जेवढं खाते त्याच हिशोबानं देते. ७८०५ ले ५ काढायसाठी साधारण ७ तरी लागतात, तेवढे भेटले नाही का झालं. ह्याच्यावर उपाय म्हणजे नवीन हलका अडाप्टर घ्यायचा ज्याच्यावर इनपुट १००-२४० लिहिलेलं असते, त्याले कमी व्होल्टेजचं काही पडलेलं नसते. फक्त प्लस-मायनस वरती सांगितल्यासारखं पाहा.

मग कॅसेट. आपण सगळे फुंक मारत होतो, मी तर मंत्र म्हटल्यासारखी तीनदा मारत होतो. त्यानं काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत घातली का पट्टी नव्या जागी टेकते न गेम चालू होते, श्रेय मात्र फुंकीले. उलट तोंडातली वाफ जाऊन पट्टीले गंज चढते, निन्टेन्डो स्वतः सांगायचं का फुंकू नका. त्यापेक्षा शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर घ्या, सोनेरी पट्ट्यांवर लांबीच्या दिशेनं हळू घासा, काळं निघते ते ब्रशनं झाडा, मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीले आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मोबाइल रिपेरिंगवाल्याकडं असते ते, आयपीए म्हणा, थोडंसं बाटलीत देते. पॉलिश पेपर लावू नका, पट्टीवरचा मुलामाच निघून जाते. अन् डब्ब्यातली जी खाच आहे तिथं काडी जात नाही, तिथं लग्नपत्रिका कामी येते. जाड पत्रिकेची कॅसेटच्या रुंदीएवढी पट्टी कापा, तिच्यावर बनियनचं पातळ कापड गुंडाळा, थोडं आयपीए, न आत-बाहेर चार वेळा. आमच्या खाचेतून जो काळा मळ निघाला त्यात एक मुंगळा पण होता.

टीव्हीले जोडायचं मात्र खरं डोकं खाते. जुन्या डब्ब्याले अँटिनाची वायर असायची, ती लावून चॅनेल ३ का ४ वर मुंग्यांमधून मारिओ शोधायचा. घरी जुना डबडा टीव्ही अजून असेल तर काहीच करू नका, तोच सगळ्यात बेस्ट, फक्त त्याचं मागचं झाकण खोलायच्या भानगडीत पडू नका, बंद करून ठेवला तरी आत झटका शिल्लक राहते. नवीन टीव्ही असेल तर डब्ब्याच्या पिवळ्या न पांढऱ्या पिना वापरा, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. टीव्हीले तीन भोकं नसतील तर इयरफोनसारखं एकच भोक पाहा, शेजारी एव्ही लिहिलेलं असते, त्याची वायर वेगळी भेटते. चित्र नाही आलं न भोंग्यासारखा आवाजच आला तर घाबरू नका, त्या वायरीत रंगाचा भरवसा नाही, पिवळी काढून लाल भोकात, मग पांढऱ्यात लावून पाहा, कुठंतरी येते चित्र. अन् एव्ही नसलेलाच टीव्ही असेल तर कन्व्हर्टर लागते, छोटी डब्बी. घेताना शंभर वेळा वाचा, एव्ही टू एचडीएमआय पाहिजे. एचडीएमआय टू एव्ही हुबेहूब तशीच दिसते न उलट दिशेनं काही चालत नाही, माझी पहिली तालुक्याची चक्कर ह्याच्यातच वाया गेली.

चित्र आलं का सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा न स्क्रीन ४:३ करा. नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ जरासा उशिरा उडते न खड्ड्यात जाते, अन् तुम्हाले वाटते वय झालं.

आता गेम खेळायच्या रिमोटचं सांगतो. उजव्या बाजूचं बटणच सगळ्यात पहिले जाते, काहून का मारिओ जिंदगीभर उजवीकडंच पळते. मागचे स्क्रू काढा, रबराच्या टोप्या निघतात, त्यांच्या पोटाले काळा कार्बन असतो, तो घासून गेला का बटण लागत नाही. रबर साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, प्लेट आयपीएनं पुसा. तरी नाही झालं तर पोळ्या गुंडाळायची चांदी बारीक गोल कापून त्या काळ्या जागी फेविक्विकच्या एका थेंबावर चिकटवा, चमकती बाजू प्लेटकडं. वायर असते पाचच तारांची, तुटते ती बहुतेक रिमोटमध्ये शिरते तिथंच, दोन इंच कापून परत जोडली का झालं. टर्बोवाली बटणं पहिले विसरून जा, साधे ए न बी वापरा.

डब्ब्यासोबतची बंदूक नवीन टीव्हीवर चालणार नाही, काहीही करा. बदकवाल्या गेममध्ये घोडा दाबला का स्क्रीन क्षणभर काळी होते न बदकाच्या जागी पांढरा चौकोन येते, बंदुकीतला डोळा तो उजेड पाहते. त्याचा सगळा हिशोब जुन्या काचेच्या टीव्हीच्या चित्रावर बसवलेला आहे. डबडा टीव्ही असेल तर मात्र एक मजा करा, त्या गेममध्ये एका वेळी एकच बदक येते तो प्रकार निवडा, मग रिमोट घेऊन बदक तुम्ही उडवू शकता. पोरगा नेम धरून राहिला न बदक भलतीकडंच, त्याले कळतच नाही.

आता चालू झालाच आहे तर खेळायचं पण सांगतो, कारण ९९९९९९९ इन १ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम वीसेकच असतात, बाकी तेच ते नाव बदलून.

मारिओ १९८५ चा आहे, अख्खी गेम ४० केबीची, तुमच्या काकांनी सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा जड असते. जागा वाचवायले त्यांनी ढग न झुडूप एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला, आता पाहाल तेव्हा दिसलंच. १-२ मध्ये (म्हणजे पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल) शेवटी लिफ्टवरून छतावर चढा न सरळ पळत राहा, बाहेर जायचा पाइप मागं टाकून पुढं जा, तिथं वर्ल्ड ४, ३, २ ले नेणारे तीन पाइप भेटतात. बऱ्याच जणाले एवढंच माहीत असते. पण गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या स्क्रीनवर ए दाबून धरून स्टार्ट मारला तर ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्याच १ पासून सुरू होते, हे मले तिशीनंतर समजलं, काय सुट्ट्या वाया गेल्या लेका. फक्त डब्बा बंद करू नका. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात, त्यातलं मागचं पायरीवर असतानाच त्याच्यावर उडी मारा, कवच पायरीले धडकून परत पायाखाली येते न तुम्ही जागच्या जागी उड्या मारत राहता, लाइफ वाढतच जातात. पण लालच करू नका, १२७ च्या वर गेले का हिशोब उलटा होते न पुढच्या मरणाले सरळ गेम ओव्हर.

कॉन्ट्रा ह्या बंदुकवाल्या गेमसाठी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए न स्टार्ट, ३० लाइफ. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कोनामी कंपनीच्या माणसानं आधी ग्रॅडियस नावाच्या गेमसाठी केला होता, १९८६ ला, त्याले स्वतःलेच ती गेम तपासताना जमत नव्हती म्हणून. २०२० ला गेला तो. बंदूक एस अक्षरवालीच घ्या न ती असताना दुसरी उचलू नका. धबधब्याच्या लेव्हलले मोठ्या भावानं वर पळायचं नाही, स्क्रीन वर सरकली का खालचा मरते. आमच्याकडं ह्याच लेव्हलवरून जेवण बंद झालेलं आहे.

टँकवाल्या गेमचं एक कोणी सांगत नाही. प्रत्येक लेव्हलले २० टँक येतात, त्यातला चौथा, अकरावा न अठरावा लुकलुकते, बक्षीस त्याच्यातच. तीन स्टार जमले का लोखंडी भिंत पण फुटते. मोटरसायकलवालीत बी नं जोरात पळते पण इंजिन तापते, रस्त्यावर बाण दिसले का त्याच्यावरून न्या, लगेच थंड.

शेवटचं, सेव्ह नावाची गोष्ट मारिओत नाहीच. ८-३ ले पोचलात न लाइट गेली तर परत पहिल्यापासून, अन् आपल्याकडं लाइट जाणारच. म्हणून डब्बा इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, टीव्ही बंद पडला तरी चालते, स्टार्ट दाबून पॉजवर ठेवा, लाइट आली का मारिओ तिथंच उभा असते. आमच्या घरात इन्व्हर्टरचं रिकामं सॉकेट एकच होतं, देवघरातलं, ज्याच्यावर झिरोचा बल्ब लागते. मायले वाटून राहिलं बल्ब गेला, दोनदा म्हणाली बाजारातून नवीन आण.