व्हर्च्युअल डिस्क गोठली तर दोष ड्रायव्हरचा की होस्टचा, हे कसे शोधावे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही चादर-टॉवेल कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. हिशेब, स्टॉक, ऑर्डरी, सगळं लिनक्सच्या केव्हीएम मशीनमध्ये, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर (होस्ट) चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (गेस्ट). डिस्क गोठली की कुणीतरी लगेच सांगतं, "व्हर्टआयओ ड्रायव्हरचा बग आहे, डिस्क साटावर टाका." व्हर्टआयओ म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली डिस्कची जोडणी, साटा म्हणजे साध्या हार्ड डिस्कची. या सल्ल्याने मशीन सुरू होतं, पण मूळ रोग तसाच राहतो.

सगळ्यात आधी मशीन नीट बंद करून डिस्क इमेजची कॉपी घ्या. पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर करा. एकुलत्या एका इमेजवर एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

मग सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश डिस्कशिवाय बाहेर काढणारी वाट, चालू करा. गेस्ट कर्नलच्या बूट-ओळीत टीटीवायएस-० (पहिला सिरियल पोर्ट) ला कन्सोल करा आणि तिथं येणारा मजकूर होस्टवरच्या फाइलीत साठवा. लॉग ज्या डिस्कवर लिहायचा तीच अडकलेली असते. त्यामुळे रिबूटनंतर लॉगमध्ये बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि "लॉगमध्ये काहीच नाही" हे वाक्य ऐकून मी कंटाळलोय.

आता संदेश वाचा. व्हीडीएवर (गेस्टमधलं पहिल्या व्हर्टआयओ डिस्कचं नाव) आय-ओ एरर, सोबत सेक्टरचा नंबर, असं दिसलं तर डिस्ककडून उत्तर आलंय, पण नकार आलाय. "टास्क १२० सेकंदांहून जास्त काळ अडकलाय" असं दिसलं तर बहुधा उत्तरच आलेलं नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. आणि त्या संदेशातला सेक्टर ५१२ बाइटचाच धरायचा, डिस्क ४०९६ ची असली तरी.

खरी गुंतागुंत: दोषी थर कोणता

मीही सुरुवातीला सगळ्यात जास्त इथंच अडकायचो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली नजर होस्टवर टाका. क्यूकाऊ-२ प्रकारची डिस्क इमेज वापरानुसार वाढत जाते आणि एक दिवस होस्टची डिस्क भरते. अशा वेळी क्यूईएमयू (होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) नेहमीच्या सेटिंगमध्ये मशीनला थांबवून ठेवतं. आतल्या माणसाला वाटतं डिस्क गोठली. होस्टवर विरश (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं साधन) च्या डोमस्टेट कमांडला कारण विचारा. 'पॉझ्ड, आय-ओ एरर' असं उत्तर आलं तर ड्रायव्हरचं नावही काढू नका, जागा करा. सोबत होस्टचा कर्नल लॉग वाचा. खरी डिस्क खराब होत असेल तर तिथं दिसेल.

होस्ट स्वच्छ निघाला तर गेस्ट अडकलेला असतानाच आत बघा. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणारं /sys फोल्डर) व्हीडीएच्या इनफ्लाइट फाइलीत दोन आकडे असतात: अपूर्ण रीड आणि अपूर्ण राइट. ते हलत नसतील तर प्रॉकमधली (/proc) इंटरप्ट्स फाइल थोड्या अंतराने दोनदा वाचा; काम झाल्याची सूचना, म्हणजे इंटरप्ट, किती वेळा आली ते तिथं मोजलेलं असतं. व्हर्टआयओच्या रिक्वेस्ट-रांगेच्या ओळीतला आकडा वाढतोय का? त्याच वेळी होस्टवर त्या मशीनचे ब्लॉक-आकडे पाहा. होस्टने काम पुरं केलंय, पण गेस्टचा इंटरप्टचा आकडा थिजलाय, तर सूचना वाटेत हरवतेय. मग ड्रायव्हर किंवा क्यूईएमयूवर संशय घ्यायला आधार आहे. होस्टवरच काम लटकलंय, तर गेस्टच्या ड्रायव्हरला सोडा.

आता साटाकडे येऊ. साटावर त्रास थांबला म्हणजे व्हर्टआयओ दोषी, हा निष्कर्ष चुकीचा आहे. साटाच्या रांगेत जास्तीत जास्त ३२ मागण्या बसतात. व्हर्टआयओची रांग साधारण १२८ किंवा २५६ ची, आणि नव्या क्यूईएमयूमध्ये प्रत्येक व्हीसीपीयूला (गेस्टच्या आभासी प्रोसेसरला) वेगळी रांग. म्हणजे साटावर गेल्यावर होस्टवरचा ताणच कमी होतो, आणि ताणाखाली मोडणारं स्टोरेज शहाणं दिसायला लागतं. म्हणून व्हर्टआयओच ठेवा, रांगांची संख्या १ करा आणि पुन्हा तपासा. नंतर फायोने (डिस्कवर ठरवलेला भार टाकणारं साधन) तितकाच खोल भार थेट होस्टच्या स्टोरेजवर, वेगळ्या फाइलीवर टाका. तिथंही अडकलं तर दोष होस्टच्या स्टोरेजचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कर्नल, इमेजचा प्रकार आणि कॅशे एकदम बदललंत तर त्रास गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही.

कॅशेचं निघालं म्हणून सांगतो: 'अनसेफ' कॅशे गेस्टचे फ्लश (डेटा खरंच डिस्कवर उतरवण्याचे हुकूम) सरळ दुर्लक्षित करतो. वीज जाणाऱ्या जागी खऱ्या डेटावर तो ठेवू नका. वीज गेल्यावर फाटलेली फाइलसिस्टम अगदी ड्रायव्हर-बगसारखी दिसते.

बग गेस्ट कर्नलमध्येच निघाला तर

जुना चालणारा कर्नल आणि नवा बिघडलेला घेऊन गिट बायसेक्ट करा, म्हणजे मधल्या बदलांची यादी दरवेळी अर्धी करत बिघडवणारा बदल शोधा. हजार कमिटांत (बदलांत) साधारण १० चाचण्या पुरतात. त्रास अधूनमधून येत असेल तर त्या कर्नलला 'गुड' (चांगला) म्हणण्याआधी तोच भार खूप वेळ चालवा. एक खोटं 'गुड' पुढचं सगळं चुकवतं.

रिपोर्टमध्ये गेस्ट आणि होस्ट कर्नलची आवृत्ती, क्यूईएमयूची आवृत्ती, डिस्कची पूर्ण ओळ, सिरियल कन्सोलचा अख्खा लॉग आणि फायोची जॉब-फाइल द्या. स्क्रीनचा फोटो नको. कुणाला पाठवायचं ते कर्नलच्या मेंटेनर्स फाइलीत लिहिलेलं असतं. पॅच आला की त्याच कॉपीवर, त्याच जॉबने तपासा आणि निकाल कळवा, त्रास गेला तरी आणि राहिला तरी.