टेक्निकल रायटर व्हायचंय? आधी एक पान नीट लिहा

टेक्निकल रायटर म्हणजे उत्पादन कसं वापरायचं ते लिहून देणारा. त्याच्या नोकरीच्या जाहिरातीत डझनभर टूल्सची नावं असतात आणि नवशिका ती यादी पाठ करायला बसतो. टूल दोन-तीन आठवड्यांत हाताला बसतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला: आपण शेजारी नसताना एखाद्या अनोळखी माणसाला काम शेवटपर्यंत करता येईल, असं लिहायला. त्यात आता ते पान आधी एआय वाचणार आणि तुकडे करून माणसापुढे ठेवणार, ही भर पडली आहे. हे सगळं एका नमुना-पानावर शिकता येतं.

1. विषय नको, काम निवडा

'बॅकअप' हा विषय झाला. 'जुन्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेणे' हे काम झालं. आठ-दहा पायऱ्यांत संपणारं काम घ्या. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधलं असेल तर उत्तम, कारण तिथे तुमचं पान खरोखर स्वीकारलं जाऊ शकतं.

पानाचा प्रकारही आत्ताच ठरवा. 'डायॅटॅक्सिस' नावाच्या पद्धतीत चार प्रकार मानतात: नवख्याचा हात धरून शिकवणारा धडा, एक काम उरकून देणारी कृती, शोधून पाहायचा संदर्भ आणि 'हे असं का' सांगणारं स्पष्टीकरण. कृतीच्या तिसऱ्या पायरीत दोन परिच्छेद स्पष्टीकरण घुसलं की वाचक चौथ्या पायरीपर्यंत पोचतच नाही. ते वेगळ्या पानावर ठेवा आणि दुवा द्या.

2. कोऱ्या खात्यावर करून पाहा

रोजच्या मशीनवर परवानग्या आधीच दिलेल्या असतात, लॉगिन झालेलं असतं, पूरक सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. त्यामुळे नेमक्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या लिहायच्या राहतात आणि वाचक तिथेच अडतो. नवीन खातं उघडा, प्रत्येक क्लिक टिपा आणि क्लिकनंतर पडद्यावर काय दिसलं तेही टिपा. एकदा मुद्दाम चुका: चुकीचा पासवर्ड, रिकामा रकाना, मध्येच तुटलेलं इंटरनेट. एरर मेसेज शब्दशः उतरवून घ्या, कारण अडलेला माणूस तोच मजकूर शोधपेटीत टाकतो.

यानंतरच जाणकार इंजिनिअरकडे जा. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, अर्ध्या तासात उठा. 'हे कसं चालतं?' विचारलंत तर व्याख्यान ऐकावं लागेल. 'लोक इथे काय चुकतात? चुकलं तर परत फिरता येतं का?' असं विचारलंत, तर पानावर घालण्याजोगं काही हाती लागेल.

3. लिहा

समजा, एअर प्युरिफायरच्या माहितीपत्रकात हे वाक्य आहे:

'फिल्टर स्वच्छ करण्यासाठी झाकण उघडून तो बाहेर काढावा व धुऊन पुन्हा बसवला जावा, मात्र तत्पूर्वी यंत्र बंद केले असल्याची खात्री करावी व फिल्टर ओला नसावा.'

यात जे सगळ्यात आधी करायचं ते मागे पडलं आहे. झाकण उघडून झाल्यावर वाचकाला कळतं की यंत्र बंद करायचं होतं. 'बसवला जावा' म्हणजे कोणी बसवायचा, तेही गुलदस्त्यात. आता हे पाहा:

इशारा: आधी यंत्र बंद करून प्लग काढा. आतला पंखा फिरत असेल तर बोटांना इजा होईल.
1. मागचं झाकण दोन्ही खटके दाबून उघडा.
2. फिल्टर सरळ बाहेर ओढा.
3. फिल्टर थंड पाण्याखाली धुवा. साबण लावू नका.
4. फिल्टर सावलीत 24 तास वाळवा. ओला फिल्टर बसवला तर त्यावर बुरशी धरते.
5. फिल्टर परत सरकवा. 'खट्' आवाज आला की बसला.

24 हा आकडा इथे नमुन्यापुरता. खऱ्या पानात तो उत्पादकाकडून किंवा चाचणीतून यायला हवा, 'थोडा वेळ' असा लिहू नये. एका पायरीत एकच कृती ठेवा. दोन जोडल्या की दुसरी हमखास निसटते. इशारा पायरीच्या आधी द्या आणि त्यात धोका, परिणाम व बचाव या तिन्ही गोष्टी सांगा.

विमान-दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी घडवलेल्या एएसडी-एसटीई 100 या नियमावलीत कृतीच्या वाक्याला 20 शब्दांची आणि वर्णनाच्या वाक्याला 25 शब्दांची मर्यादा आहे. तो हिशेब इंग्रजीचा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे कृतीचं वाक्य 12 ते 15 शब्दांत बसायला हवं. अट आधी आणि कृती नंतर, हे मात्र मराठीला उपजतच जमतं: 'दिवा लाल झाला तर टाकी रिकामी करा.'

पडद्यावरचे छोटे मजकूर हाही आता याच पेशाचा भाग आहे. 'काहीतरी चुकलं' यातून कोणालाच काही मिळत नाही. 'फाइल अपलोड झाली नाही. ती 25 एमबीपेक्षा मोठी आहे. लहान फाइल निवडा.' यात काय झालं, का झालं आणि पुढे काय करायचं, तिन्ही आलं.

पुढे भाषांतर होणार असेल तर सुटे तुकडे जोडून वाक्यं बनवू देऊ नका. प्रोग्रामर 'अमुक हटवला' असा साचा करतो आणि 'अमुक'च्या जागी नाव भरतो. मराठीत फोल्डर हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं. पाच असतील तर फायली हटवल्या. प्रत्येक प्रकाराला पूर्ण वाक्य मागून घ्या.

4. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

हे काम कधी न केलेली पाच माणसं पुरतात. पान द्या, काम सांगा, तोंड उघडू नका. माणूस थबकला, मागे स्क्रोल केलं, पायरी दोनदा वाचली, या जागांवर खूण करा. 'समजलं का?' विचारू नका; सगळे हो म्हणतात. तिघे एकाच पायरीवर अडले तर ती पायरी पुन्हा लिहा. पुन्हा लिहूनही अडले, तर दोष बहुधा बटणाच्या नावात असतो. तसं डिझायनरला सांगणं हेही रायटरचंच काम.

5. आता टूल्स

मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मथळे आणि याद्या लिहायची पद्धत, एका दुपारी येतं. फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्रँच (वेगळी प्रत), कमिट (बदलाची नोंद) आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) एवढं जमलं की इंजिनिअर तुमचं पान कोडसारखंच तपासू शकतात. यालाच 'डॉक्स ॲज कोड' म्हणतात. शैलीचे नियम तपासायला 'व्हेल' हा लिंटर, म्हणजे मजकुरातल्या चुका आपोआप दाखवणारा प्रोग्राम, लावा: 'खातं', 'अकाउंट' आणि 'प्रोफाइल' एकाच गोष्टीसाठी वापरलेत तर तो पकडेल, मात्र नियम आधी तुम्ही लिहून द्यायला हवेत. सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर एपीआयचं (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीचं) वर्णन करणारी ओपनएपीआय फाइल वाचायला शिका आणि एक-दोन एपीआय स्वतः चालवून पाहा. यंत्रं, विमानं, वैद्यकीय उपकरणं यांच्याकडे कल असेल तर डिटा शिका. आयबीएममध्ये जन्मलेलं आणि 2005 साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेलं हे एक्सएमएलचं (मजकुराला खुणा लावून साठवायच्या पद्धतीचं) मानक एकच टॉपिक, म्हणजे एका विषयाचा सुटा मजकूर, अनेक पुस्तिकांत वापरू देतं. दोन्ही वाटा एकदम धरू नका.

6. एआयला कच्चं काम द्या

एआय मॉडेलला 'अमुक उत्पादनाची पुस्तिका लिही' म्हटलंत की ते नसलेलं मेनूचं नाव आत्मविश्वासाने लिहून देतं. त्यापेक्षा पायरी 2 मधली टिपणं द्या आणि त्यांतून मसुदा मागा. मग चार गोष्टी मूळ उत्पादनाशी ताडून पाहा: बटणांची नावं, आकडे आणि एककं, पायऱ्यांचा क्रम, इशारे. भाषा गुळगुळीत करताना मॉडेल दोन पायऱ्या एकत्र करतं किंवा इशारा शेवटी ढकलतं, आणि वाचायला इतकं छान वाटतं की चूक डोळ्यांना दिसत नाही. बाजारात न आलेल्या उत्पादनाची माहिती सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका.

चॅटबॉट वाचकाला उत्तर देतो तेव्हा तो बहुधा तुमच्या पानाचा एखादाच तुकडा उचलतो. 'वर सांगितल्याप्रमाणे हे बटण दाबा' हा तुकडा एकटा पडला की निरुपयोगी. 'इतर सेटिंग्ज' या मथळ्याचीही तीच गत. मथळ्यातच कामाचं नाव घाला, सर्वनामाऐवजी वस्तूचं नाव लिहा, कुठल्या आवृत्तीला लागू ते त्याच विभागात सांगा आणि फक्त चित्रात असलेली माहिती मजकुरातही द्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही याचाच उपयोग होतो.

7. पान दाखवा

1953 साली स्थापन झालेली या पेशातली जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, 2025 मध्ये बंद पडली. तिची प्रमाणपत्रं मागे पडली, पण मुलाखतीत आधीचं पान, नंतरचं पान आणि 'हे का बदललं' याच्या पाच ओळी आजही चालतात. चाचणीत कोण कुठे अडलं याची टिपणं सोबत जोडा. ती फार कमी उमेदवार आणतात. जुन्या नोकरीतली गोपनीय पुस्तिका मात्र दाखवू नका, समोरचा मनात नोंद करतो. पानाच्या तळाशी तपासल्याची तारीख आणि आवृत्ती लिहा, आणि पुढची आवृत्ती आली की तेच पान पुन्हा कोऱ्या खात्यावर पहिल्या पायरीपासून चालवा.